बाबांच्या पोटातले मायक्रोवॉट

आज बाबांना पेट स्कॅनला नेलं होतं. सकाळपासून उपाशी, आधी शुगर चेक केली, मग हाताला सुई लावली आणि ते इंजेक्शन आणलं ते चक्क जाड धातूच्या कवचात घातलेली सिरिंज. टोचून झाल्यावर तासभर एका खोलीत गप पडून राहायचं, बडबड पण करायची नाही. मी बाहेर बसले होते, मोबाईलची बॅटरी बारा टक्के, त्यामुळे डोक्यातला जुना किडा परत वळवळायला लागला.

किडा असा की ते ई इज इक्वल टू एमसी स्क्वेअर आपण बारावीला घोकतो, म्हणजे वस्तुमान हीच ऊर्जा, एक ग्रॅम वस्तुमान म्हणजे लाईटबिलाच्या हिशोबात अडीच कोटी युनिट, मग ते एक ग्रॅम मीठ असो नाहीतर माती. तरी मीठ आपलं बरणीत निवांत पडून! अणुभट्टीत सुद्धा युरेनियमच्या वस्तुमानातला हजारातला जेमतेम एक भाग ऊर्जा होऊन बाहेर पडतो, सूर्यात हायड्रोजनचं हेलियम होतं तेव्हा हजारातले सात. बाकीचं सगळं जागच्या जागी.

आणि शंभर टक्केवाला प्रकार नेमका त्या खोलीत बाबांच्या अंगात चालू होता. त्या इंजेक्शनमधे साखरेसारखा एक पदार्थ असतो, त्याला फ्लोरिन-१८ हे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेलं. कॅन्सरच्या पेशी साखर अधाशासारखी ओढतात म्हणून ते तिथे जास्त साठतं. फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन सुटतो, इलेक्ट्रॉनएवढंच वस्तुमान पण चार्ज उलटा, तो मिलीमीटरभर जातो न जातो तोच शरीरातला एखादा इलेक्ट्रॉन त्याला गाठतो आणि दोघंही खलास. मागे कणही उरत नाही. फक्त दोन गॅमा किरण निघतात, प्रत्येकी ५११ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचे (हे ऊर्जेचं अगदी चिमुकलं माप), एक इकडे तर दुसरा जवळजवळ बरोब्बर उलट दिशेला, आणि मशीनच्या गोल रिंगमधे समोरासमोरच्या दोन ठिकाणी एकदमच नोंद झाली की कॉम्प्युटरला कळतं की या सरळ रेषेवर कुठेतरी हे घडलं. अशा लाखो रेषांतून बाबांचा फोटो तयार होतो. आणि ५११ हजार म्हणजे काय, तर इलेक्ट्रॉनचं अख्खं वस्तुमान. पूर्ण वसूल.

पॉझिट्रॉन कागदावर आधी आला बरं का. डिरॅक या शास्त्रज्ञाचं समीकरण १९२८ चं, प्रत्यक्ष कण प्रयोगात अँडरसनला दिसला १९३२ साली. आणि इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात ते गणित आपल्या होमी भाभांनी केंब्रिजला असताना केलं, त्याला आजही भाभा स्कॅटरिंगच म्हणतात. आपल्याला भाभा म्हटलं की फक्त ट्रॉम्बे आठवतं.

बाबा बाहेर आल्यावर त्यांना हे सगळं सांगितलं. ते रिटायर्ड वायरमन, त्यांचा पहिला प्रश्न, "अगं पण वॉट किती?" मग रिक्षात हिशोब केला. डोस दहा मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) धरला तर सेकंदाला ३७ कोटी पॉझिट्रॉन, गुणिले प्रत्येक जोडीच्या त्या दोन किरणांची ऊर्जा, उत्तर आलं साधारण ६० मायक्रोवॉट. बाबा म्हणाले, "इंडिकेटरसुद्धा पेटणार नाही." चेहरा खरंच पडला त्यांचा.

इलेक्ट्रॉन किमान असा पुरता संपतो तरी. प्रोटॉनची गोष्ट त्याहून अजब आहे आणि मला तीच जास्त छळते. प्रोटॉनमधे तीन क्वार्क, म्हणजे त्याच्याही आतले कण, पण तिघांच्या वजनाची बेरीज केली तर ती प्रोटॉनच्या वजनाच्या एक टक्काच भरते. उरलेलं ९९ टक्के म्हणजे क्वार्कची आतली धावपळ आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या ग्लुऑन फील्डची ऊर्जा. म्हणजे बाबांच्या ६२ किलोत क्वार्कांचा स्वतःचा माल किलोभर सुद्धा नाही, बाकी आपण वजनकाट्यावर निव्वळ ऊर्जाच तोलतोय! मला आधी वाटायचं की कण म्हणजे डबा आणि ऊर्जा आत भरलेली, झाकण उघडलं की झालं. पण इथे डबाच ऊर्जेचा आहे, उघडणार काय. क्वार्क ओढून बाहेर काढायला गेलं तर ओढायला जी ऊर्जा लावली तिच्यातूनच नवीन क्वार्कची जोडी तयार होते आणि हातात येतात ते परत आख्खे कण, सुटा क्वार्क कधीच नाही.

अँटिप्रोटॉन, म्हणजे प्रोटॉनचा उलट्या चार्जचा जुळा, आणून भिडवला की मात्र प्रोटॉन संपतो. पण तो आणायचा कुठून? निसर्गात साठा नाही, बनवावा लागतो, आणि बनवायला परत मिळेल त्याच्या कितीतरी पट ऊर्जा ओतावी लागते. म्हणून ते यूट्यूबवर अँटिमॅटरवर, म्हणजे असल्या उलट्या कणांवर, शहरं चालवणारे लोक बघितले की मला हसू येतं. जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेने आजवर जेवढे अँटिप्रोटॉन बनवले ते सगळे एकदम संपवले तरी एक बल्ब काही मिनिटं चालेल, बस.

हे ऐकून बाबा म्हणाले, "आणि तिथलं लाईटबिल कोण भरतं?"

म्हटलं सदस्य देश भरतात. तर म्हणे, "मग ठीक आहे, करू दे."