शनिवारची खर्ची आणि सोमवारचं मोजमाप

पुण्यात खराडीला एका ऑफिस इमारतीचं काम मुख्य ठेकेदाराच्या बाजूने माझ्याकडे आलं. तोवर मी फ्लॅटच्या इमारतींवर होते. ऑफिसच्या इमारतीत भिंती कमी आणि छताखालचा पसारा प्रचंड, त्यामुळे सबकॉन्ट्रॅक्टरही तितकेच: सेंटरिंग (काँक्रीटचा साचा, म्हणजे शटरिंग, उभं करणारे), स्टील, ब्लॉकवर्क, गिलावा, प्लंबिंग, फायर (आग विझवायची यंत्रणा), एसी, इलेक्ट्रिकल, काच. प्रत्येकाचा मुकादम सकाळी एकच मागणी घेऊन यायचा, "मॅडम, फ्रंट द्या."

फ्रंट म्हणजे काम सुरू करता येईल अशी मोकळी, तयार जागा. ती मिळाली नाही तर छोट्या ठेकेदाराची माणसं बसून खातात. दोन-तीन दिवस तो तग धरतो, मग गँग उचलून दुसऱ्या साइटवर नेतो आणि नंतर फोन उचलत नाही. लोक त्याला बेभरवशाचा म्हणतात, पण मला त्यात त्याचा दोष फारसा दिसत नाही. म्हणून रोज संध्याकाळी सगळ्या मुकादमांना साइट ऑफिसात बोलवायचं आणि उद्या कोणत्या मजल्याचा कोणता भाग कोणाकडे, हे फळ्यावर लिहायचं, असं ठरवलं. त्यातच एक नियम घातला. पुढच्याने जागा घेताना स्वतः तपासून सही करायची. गिलाव्यावाल्याने ब्लॉकच्या भिंतीला आपला ओळंबा लावायचा, पटलं तरच ताबा घ्यायचा. "त्याने भिंत वाकडी बांधली म्हणून माझा माल जास्त गेला" हे भांडण त्यामुळे बिलापर्यंत पोचायचंच नाही, भिंत ओली असतानाच मिटायचं.

सगळ्यात जास्त जीव मी स्लीव्हवर टाकला, म्हणजे पाइप जाण्यासाठी स्लॅबमध्ये आधीच ठेवायच्या नळ्यांवर. आमचे स्लॅब पीटीचे (पोस्ट-टेन्शन), म्हणजे आत ताणलेल्या केबल. एकदा स्लॅब ओतला आणि केबल ताणल्या की "इथे एक पाइप राहिला, कोअर मारून घेऊ", म्हणजे मशीनने भोक पाडू, हे चालत नाही. केबल कापली गेली तर स्लॅबची ताकद जाते आणि मशीनवर उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकतं. त्यामुळे काँक्रीटच्या आदल्या दिवशी प्लंबर, फायर, एसी आणि इलेक्ट्रिकल या चौघांना मी शटरिंगवर चढवायचे. ड्रॉइंग हातात, स्लीव्ह मोजून, चौघांच्या सह्या झाल्याशिवाय आरएमसी प्लांटला, म्हणजे तयार काँक्रीट पाठवणाऱ्यांना, फोन करायचा नाही. सेंटरिंगवाला वैतागायचा, त्याचा दिवस जायचा. तरी मी मागे हटले नाही.

छताखाली तर प्रत्येकाला आपली लाइन सरळ हवी असते. तिथे प्लंबरच्या मुकादमाने फार नेमकं सांगितलं, "मॅडम, बाकीच्यांचं वाकतं. माझं पाणी उतारानेच जाणार." आमचा क्रम त्यावरूनच लागला. आधी सांडपाण्याची उताराची लाइन, मग एसीचे मोठे डक्ट, मग दाबाच्या पाण्याच्या लाइनी आणि आगीसाठीचे स्प्रिंकलर. विजेच्या केबलचे ट्रे वळवायला सोपे, म्हणून त्यांची जागा शेवटी ठरायची, पण शक्यतो पाण्याच्या पाइपाखाली नाही. दोन कॉलमच्या ओळींमधल्या एका पट्ट्यात सगळ्यांनी मिळून हे नमुना म्हणून बसवलं. पुढचे मजले त्याच्याकडे बघून झाले.

पैशांचं सांगायचं तर पेटी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे आमच्याकडून काम घेणारा छोटा ठेकेदार, जगतो तो शनिवारच्या खर्चीवर. आठवड्याचा किराणा आणि मजुरांची उचल तेवढ्यातून भागते. ती चुकली की सोमवारी हजेरी निम्म्यावर येते. खर्ची शनिवारी दुपारीच सुटली पाहिजे, हे मी हेड ऑफिसला पटवलं. त्या बदल्यात मागच्या आठवड्याचा मजुरीचा कागद, सह्या-अंगठ्यांसकट, मी आधी बघायचे. ठेकेदाराने मजुराचे पैसे बुडवले तर कायद्याने जबाबदारी वर आमच्यापर्यंत येते. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्याच्या हाताने स्लॅब ओतला गेला त्याला पैसे मिळालेच पाहिजेत.

मोजमाप सोमवारी, दोघांनी मिळून, टेप त्याच्या माणसाच्या हातात. गिलाव्यात वाद ठरलेला. पेटीवाल्यांची सवय दरवाजे-खिडक्या धरून मोजायची, आमच्या करारात मात्र आयएस १२००, म्हणजे बांधकाम मोजण्याचं भारतीय मानक. त्यानुसार ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही. ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत दोन्ही बाजूंना सारखाच गिलावा असेल तर एकाच बाजूची वजावट, आणि कडांचे वेगळे पैसे नाहीत. १ बाय २.१ मीटरच्या दरवाजावर हे मी भिंतीवरच खडूने काढून दाखवलं, तेही वर्क ऑर्डरवर सही होण्याआधी. काहींनी दर थोडा वाढवून मागितला. मी तो दिला. नंतर कापाकापी करण्यापेक्षा आधी दिलेला रुपया स्वस्त पडतो. ५ टक्के रिटेन्शन, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, कधी सुटणार, टीडीएस, म्हणजे आधीच कापायचा आयकर, किती कापणार (ठेकेदार एकटाच मालक असेल तर १ टक्का), हेही त्याच बैठकीत. जे झाकलं जाणार, म्हणजे स्टील, वॉटरप्रूफिंग, जमिनीखालचे पाइप, ते झाकायच्या आधी मोजायचं आणि फोटो काढायचा.

राहिला गावी जाण्याचा प्रश्न. आमचे सेंटरिंगवाले बिहारचे. दिवाळीनंतर छटपूजेला ते जाणारच, आणि त्यांनी जावंच. त्यांना अडवणाऱ्या साइट मी पाहिल्या आहेत. तिथे माणसं रात्रीतून निघून जातात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, तेव्हाच मुकादमाला विचारायचं, "तिकिटं कुठल्या तारखेची काढताय?" तारखा कळल्या की स्लॅबचं वेळापत्रक त्याभोवती बसवायचं. त्या पंधरवड्यात एकही काँक्रीट ठेवलं नाही. खालच्या मजल्यांवर ब्लॉकवर्क आणि स्प्रिंकलरच्या लाइनी चालू राहिल्या, तिथली गँग सोलापूर-गुलबर्ग्याकडची होती. सेंटरिंगवाले परतले तेव्हा पुढच्या मजल्याच्या सेंटरिंगच्या प्लेटा उतरवून, तेल लावून तयार ठेवल्या होत्या, आणि त्यांचा फ्रंट आदल्या संध्याकाळीच फळ्यावर लिहिलेला होता.