‘होईल ना?’ विचारणं मी सोडलं

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टला येऊन मला आता तिसरं वर्ष लागलंय. त्याआधीची नऊ वर्षं ठाणे–ऐरोली: नौपाड्यातून चालत स्टेशन, तिथून ट्रान्स-हार्बरची गाडी. माझी टीम अजून ऐरोलीतच बसते, मी इथे क्लायंटच्या बाजूला. मध्ये उन्हाळ्यात साडेतीन तासांचं अंतर, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर साडेचार तासांचं.

ठाण्याला फोन केला की कुणीतरी विचारतंच, तिकडे जाऊन नवीन काय शिकलीस? उत्तर एका अक्षराचं आहे, पण ते सांगायला एक शुक्रवार सांगावा लागेल.

गोदामाच्या सॉफ्टवेअरचं रिलीज होतं. मंगळवारच्या कॉलवर मी टेस्टिंग बघणाऱ्या मुलीला विचारलं, “शुक्रवारपर्यंत होईल ना?” ती म्हणाली, “हो मॅडम, बघते.” मी वहीत टिक केली. शुक्रवारी माझ्याकडे दुपारचे साडेतीन, ऐरोलीत सात, तेव्हा कळलं की परत आलेल्या मालाचा टेस्ट डेटा क्लायंटकडून आलेलाच नाही. तो सगळा भाग न तपासता राहिला होता. रिलीज थांबवलं. शनिवारसाठी गोदामात खास माणसं बोलावून ठेवली होती, त्यांना घरी पाठवावं लागलं.

सोमवारी मी तिला एकटीलाच फोन केला. जाब विचारायला नाही, मला खरंच समजून घ्यायचं होतं. ती बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, “मॅडम, तुम्ही ‘होईल ना’ म्हणालात. त्यावर नाही कसं म्हणायचं?”

त्या रात्री मला झोप लागली नाही. ‘होईल का?’ हा प्रश्न आहे. ‘होईल ना?’ ही गळ आहे, आणि ती वरच्या माणसाने घातली की हुकूमच. शिवाय ‘बघते’ म्हणून तिने मला मंगळवारीच सगळं सांगितलं होतं. आपल्याकडे लग्नाला जायचं नसलं तरी ‘बघू, जमवतो’ म्हणतात आणि ऐकणाऱ्याला ते बरोबर कळतं. ‘होऊन जाईल’ म्हणजे अजून सुरू नाही, ‘ऑलमोस्ट झालंय’ म्हणजे अवघड भाग शिल्लक आहे. हे मला ऐकू यायला हवं होतं, मराठी माझीच भाषा आहे.

इथली माणसं वेगळी बोलतात. माझी एक डच सहकारी पहिल्याच आठवड्यात भर बैठकीत म्हणाली होती, “तुझ्या तारखेला हे जमणार नाही.” मला ते लागलं होतं. पण ती ते सोमवारी म्हणाली होती, त्यामुळे हातात चार दिवस होते. तिचा ‘नाही’ रुक्ष वाटला, तरी कामाला तोच उपयोगी पडला.

म्हणून मी टीमला सांगून पाहिलं, “स्पष्ट नाही म्हणा.” काहीही बदललं नाही. बदलणार कसं? पंचविशीच्या मुलीने बारा जणांसमोर, क्लायंट ऐकत असताना, मॅनेजरला नाही म्हणायचं, आणि अप्रेझल त्याच मॅनेजरच्या हातात. मुलांना ‘असर्टिव्ह’ बनवणारी ट्रेनिंगं आपल्याकडे खूप होतात, मला आता ती चुकीच्या टोकापासून सुरू झालेली वाटतात. आधी बदलायचं ते विचारणाऱ्याने.

वाशीचे धारण तलाव तुम्ही पाहिले असतील. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली आहे, म्हणून सिडकोने ते डच पद्धतीने बांधले. त्यांची झडपदारं एकाच दिशेने उघडतात: खाडीला भरती आली की पाण्याच्या दाबानेच दार मिटतं आणि पावसाचं पाणी आत साठतं, ओहोटी लागली की बाहेर पडतं. मी ही रचना माझ्या डच सहकारीला कौतुकाने सांगत होते आणि सांगता सांगता मला माझे कॉल दिसले. माझ्या बाजूने भरती असेल तर पलीकडून वाईट बातमी बाहेर येणारच नाही.

आता मी विचारते, “यात कुठे अडेल असं वाटतं?” अडचण आहे हे प्रश्नातच गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे सांगणाऱ्यावर ओझं येत नाही. विचारून झालं की गप्प राहायचं. हे मला सगळ्यात जड गेलं. कॉलवरची शांतता चार सेकंदांतच टोचायला लागते आणि आपण स्वतःच ‘ठीक आहे, पुढे’ म्हणून मोकळे होतो. खरं बोलणं बहुतेक वेळा त्यानंतर येतं.

दुसरी सवय गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाच्या ‘प्रीमॉर्टेम’ची. 2007 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त त्याने ही पद्धत मांडली. काम सुरू होण्याआधीच धरून चालायचं की प्रोजेक्ट पार फसलाय, आणि प्रत्येकाने कारणं लिहून काढायची. आम्ही केलं तेव्हा वाचायला सुरुवात सगळ्यात ज्युनियर मुलापासून केली. त्याचं पहिलंच कारण: “गणपतीत चौघं कोकणात असतील.” दुसरं: “जुलैत भरती आणि पाऊस एकत्र आले की गाड्या बंद.” क्लायंटच्या कॅलेंडरवर यातलं काहीच नव्हतं, आणि नऊ वर्षं तो प्रवास केलेल्या माझ्याही प्लॅनमध्ये नव्हतं. तारीख दहा दिवस पुढे नेली. कारण कळल्यावर क्लायंटने ती लगेच मान्य केली.

बाकीच्या सवयी साध्या आहेत. कॉल संपल्यावर तासाभरात पाच ओळी: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि कॉलवर माणसं कमी. सहा जणांत आपसातल्या जोड्या पंधरा होतात, चौदा जणांत एक्क्याण्णव, आणि गैरसमजाला तेवढ्याच वाटा.

पीएमपीची, म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजरच्या प्रमाणपत्र परीक्षेची, तयारी करणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जानेवारी 2021 मध्ये बदललेल्या परीक्षेत 42 टक्के प्रश्न माणसांना सांभाळण्यावर ठेवले गेले. ते पाठ करून सुटतील, पण ऐरोलीच्या एखाद्या कॉलवर स्वतःचा प्रश्न रेकॉर्ड करून परत ऐका. त्यात ‘ना’ किती वेळा येतो ते मोजा.

गेल्या महिन्यात, मंगळवारीच, त्याच मुलीचा मेसेज आला: “मॅडम, अडलंय. डेटा पुन्हा आला नाहीये.” मी आधी लिहिलं, “लगेच सांगितलंस, फार बरं केलंस,” आणि मग क्लायंटच्या माणसाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. बुधवारी दुपारी डेटा आला. ती त्या दिवशी वेळेवर ठाण्याची गाडी पकडून घरी गेली.