‘स्मॉल फेवर’चं वजन

इंग्रजीतला ‘फेवर’ सहसा एकटा येत नाही. पुढे स्मॉल, क्विक, बिग, ह्यूज, पर्सनल, स्पेशल असं काहीतरी लावलेलं असतंच. नागपुरात आपणही आता मराठी बोलता बोलता ‘दादा, एक क्विक फेवर पाहिजे होता’ म्हणून मोकळे होतो. गंमत अशी, की काम किती मोठं हे ठरवतो मागणारा आणि ओझं वाहतो दुसराच.

‘स्मॉल’चंच घ्या. डिसेंबरात आंबिया बहाराची, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या वेळी फुललेली, संत्री बाजारात असतात. पुण्याला निघालेल्या माणसाला तिथल्या नातेवाइकांचा फोन येतो, ‘येताना थोडे संत्रे आणजो बापा.’ हे ‘थोडे’ म्हणजे चार डझन. मध्यम फळं किलोत सात-आठ बसतात, तेव्हा खोक्यासकट सहा-सात किलोंचं ओझं झालं. शिवाय नागपुरी संत्र्याची साल सैल, फोडींपासून सुटलेली. वरून दाब आला की आतल्या आत फळ फुटतं आणि एकाची बुरशी शेजारच्याला लागते. म्हणून घेतानाच देठाचं बटण शाबूत असलेली फळं निवडावी लागतात. देठ ओढून काढलेला असला, की त्या भोकातूनच सड सुरू होते. फळं धुवायची नाहीत, कोरड्या फडक्याने पुसायची आणि रात्रभर पंख्याखाली पसरायची. खोक्याला भोकं पाडायची, तळाला तणस किंवा चुरगळलेला पेपर घालायचा आणि तीनच थर लावायचे. प्लास्टिकच्या पिशवीत भरलीत तर आत घाम धरतो आणि सकाळपर्यंत वास सुटतो. एवढं करून खोकं ट्रॅव्हल्सच्या डिकीत जातं आणि त्याच्यावर कुणीतरी सुटकेस आदळतो.

हेच नीट मागायचं असेल तर विशेषण गाळून तपशील द्यावा: ‘चार डझन, पैसे आत्ताच पाठवतो, सकाळी बस थांबते तिथे मीच न्यायला येतो, नाही जमलं तर बुधवारपर्यंत सांग.’ समोरच्याला नाही म्हणायला वाट राहते, आणि हो म्हटलं तरी जीव घाबरत नाही.

‘क्विक’मध्ये दुसरी लबाडी आहे. त्यात फक्त मुख्य क्रिया मोजलेली असते. सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसातून एक सही आणायची, दोन मिनिटांचं काम! मनीषनगरहून निघणं, सीताबर्डीची गर्दी, गाडी लावायला जागा, विसरलेली झेरॉक्स आणि ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ हे त्या दोन मिनिटांत धरलेलंच नसतं.

‘बिग’ मला त्यातल्या त्यात प्रामाणिक वाटतो. काम जड आहे हे तो आधीच कबूल करतो. पण खरोखर जड असलेली कामं नेमकी हलक्या नावाने येतात. बँकेच्या कर्जाला जामीनदार राहायचं असतं तेव्हा ‘ह्यूज’ कुणी म्हणत नाही, ‘फक्त एक सही’ म्हणतात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदार थकला की आधी त्याच्याचकडून वसूल करा, असं बँकेला सांगण्याची सोय सहसा नसते. तेव्हा ‘फक्त’ ऐकू आलं की कर्जाची रक्कम, मुदत आणि आधीचे थकलेले हप्ते विचारावेत. त्यावर मागणारा रागावला तर तेही एक उत्तरच समजायचं.

काही विशेषणं मात्र सगळा मामलाच बदलतात. ‘सेक्शुअल’ लागलं की उपकाराचा प्रश्नच उरत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तशा ‘फेवर’च्या मागणीसोबत विनंतीही छळाच्या व्याख्येत घेतली आहे. ‘प्लीज’ लावून सुटका नाही.

आणि डिसेंबरात नागपूरला ‘स्पेशल’चा हंगाम असतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा विधिमंडळाचं अधिवेशन इथे भरतं. मग आमदार निवासात, मंत्री उतरतात त्या रविभवनाच्या फाटकावर बदलीचे अर्ज, शिफारशीच्या चिठ्ठ्या, गॅलरीचे पास यांची झुंबड उडते. पास मागणं निरुपद्रवी, बदलीचं तसं नाही. २०२४ मध्ये तर १५ डिसेंबरला मंत्र्यांचा शपथविधीच इथल्या राजभवनात झाला. त्या शपथेच्या इंग्रजी मसुद्यात ‘विदाउट फिअर ऑर फेवर’ आहे. ‘फेवर’पुढे विशेषण कुठलंच नाही, तेव्हा स्मॉलही त्यातच येतो. रविभवनाच्या फाटकावरचा माणूस मात्र चिठ्ठी पुढे करत म्हणतोच, ‘साहेब, एक लहानसं काम होतं.’