किल्ली आधी उलटी फिरते
काल फायनल मिक्स, म्हणजे सगळ्या आवाजांची शेवटची जुळणी झाली, सिनेमा माझ्या हातातून सुटला, तरी पहिली दोन मिनिटं डोक्यातून जात नाहीयेत म्हणून लिहितेय.

मी एडिटर आहे. आमचं ओपनिंग साधंच, बंद दार, कुलूप आणि एका बाईचा हात. तो हात किल्ली आधी उलट्या बाजूला फिरवतो, अडतो, क्षणभर थांबतो आणि मग बरोबर फिरवतो. बास. हे घर एकेकाळी तिचं होतं आणि ती खूप वर्षांनी आलीय, एकही डायलॉग नाही. २ मिनिटं १० सेकंदांचा सलग शॉट. १४ टेक होते, त्यातला ११वा निवडायला मला दोन दिवस लागले, पण तो लागला की अजूनही पोटात कालवतं.

निर्मात्यांना त्याच्यावर टायटल्स हव्या होत्या. नावांचा क्रम, अक्षरांची साइज, कार्डवर, म्हणजे एका वेळी स्क्रीनवर येणाऱ्या नावांच्या पाटीवर, कोण एकटं येणार हे सगळं करारात असतं, त्यामुळे कुणाचं नाव इकडचं तिकडे करता येत नाही, आणि सहनिर्मात्याचं कार्ड नेमकं त्या अडलेल्या हातावर येत होतं! मी भांडले. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ ईव्हिल'ची सुरुवात दाखवली. गाडीच्या डिकीत बॉम्ब ठेवलाय, तीन मिनिटांहून मोठा सलग शॉट, आणि १९५८ मध्ये स्टुडिओनं त्याच्यावर नावं आणि म्युझिक चढवलं. प्रेक्षकानं गाडी बघायची की नावं वाचायची? १९९८ मध्ये एडिटर वॉल्टर मर्चनं, वेल्सनं स्टुडिओला लिहिलेल्या ५८ पानी मेमोवरून तो पुन्हा एडिट केला, नावं काढली, तेव्हा कुठे त्या रस्त्याचे आवाज ऐकू आले.

डायरेक्टर माझ्या बाजूनं होता. नावं शेवटी गेली, म्युझिकही काढलं.

टेस्ट स्क्रीनिंगला मी मागच्या रांगेत बसले. दिवे गेले, हात आला, किल्ली उलटी फिरली आणि लोक अजून बॅगा पायाशी ठेवतायत, गप्पा मारतायत, कुणीतरी विचारलं "सुरू झाला का?" तोवर दार उघडलंसुद्धा. नंतर बोलताना निम्म्या लोकांना वाटलेलं की ती घर विकत घ्यायला आलीय.

आधी मला लोकांचाच राग आला. मग सिनेमांची टायटल्स डिझाइन करणारा सॉल बास आठवला. त्यानं टायटल्स केलेल्या १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म'च्या रिळांच्या डब्यांवर प्रोजेक्शनिस्टसाठी सूचना होती की टायटल्सच्या आधी स्क्रीनपुढचा कापडी पडदा उघडा, कारण तेव्हा बऱ्याच थिएटरांत नावं मिटलेल्या पडद्यावरच उरकून टाकायचे. मी ही गोष्ट कायम टायटल्सचा मान म्हणून सांगत आले. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, पडदा उघडेपर्यंतचा तो वेळ लोकांनाही लागत असेल की, बाहेरचं बाहेर ठेवून आत यायला.

मग नावं परत सुरुवातीला आणली, पण काळ्या स्क्रीनवर. ४० सेकंद. खाली फक्त खडीवरून येणारी पावलं, ती थांबतात, जुडग्यात किल्ली शोधल्याचा आवाज. शेवटचं नाव विरतं आणि हात दिसतो. दुसऱ्या स्क्रीनिंगला तिसऱ्या कार्डापर्यंत हॉल गप्प झाला होता, आणि किल्ली अडली तेव्हा माझ्या पुढच्या बाईंचं मनगट आपोआप उजवीकडे वळलं. मी बघितलं ते.

तरी डायरेक्टर म्हणतो की आधी तो हात अंगावर यायचा, आता पावलं वर्दी देतात. खरंय त्याचं. काल मिक्समध्ये मी पावलं ३ डेसिबल खाली घ्यायला लावली, ऐकलं, परत वर घेतली, मग पुन्हा खाली. खालीच ठेवलीयत.