विरत जाणारा स्वर

ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाफ मालर यांच्या नवव्या सिंफनीच्या, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या दीर्घ रचनेच्या, शेवटच्या पानाशी पोचलो, की दर वेळी माझा श्वास आपसूक मंदावतो. १९०७ मध्ये त्यांची थोरली मुलगी गेली, पाठोपाठ त्यांच्या स्वतःच्या हृदयातील दोष उघडकीस आला, आणि १९०९ च्या उन्हाळ्यात ही रचना आकाराला आली. त्यामुळे तिला जगाचा निरोप मानण्याचा प्रघात पडला आहे. मला ते अर्धेच खरे वाटते. मालर तेव्हा अंथरुणाला खिळलेले नव्हते, पुढच्याच वर्षी त्यांनी दहाव्या सिंफनीला हात घातला होता. मृत्यूचे भान असलेल्या, तरीही कामात बुडालेल्या माणसाचे हे संगीत आहे.

आरंभी चेलो आणि हॉर्न अडखळत्या लयीत एकच स्वर उच्चारतात. वाद्यवृंद-संचालक लेनर्ड बर्नस्टाईन यांना त्यात हृदयाचे अनियमित ठोके ऐकू आले होते. पुढे तीच लय ट्रॉम्बोनवर सगळ्या ताकदीनिशी कोसळते, तेव्हा मृत्यू बाहेरून आलेला नसून पहिल्या क्षणापासून सोबतच होता, हे उमगते. मधले दोन नृत्यमय, कोलाहलाचे भाग मला तितके भिडत नाहीत. मात्र तिसऱ्या भागातला गदारोळ अचानक ओसरून ट्रम्पेटवर एक छोटी मुरकी उमटते, आणि चौथा भाग तिच्याच आधारावर उभा राहतो.

अखेरच्या २७ बारमध्ये, म्हणजे तालाच्या आवर्तनांत, केवळ तंतुवाद्ये उरतात. त्यांचा आवाज दबलेला असतो, आणि पहिली व्हायोलिने मालर यांच्याच एका जुन्या गीतातली ओळ हलकेच आळवतात. मुले गेलेली नाहीत, फिरायला जरा पुढे निघून गेली आहेत, त्या उंचीवरच्या उन्हात आपणही त्यांना गाठू, अशी एका बापाने स्वतःची घातलेली समजूत त्या गीतात आहे. ते लिहिले गेले, ते मालर यांची मुलगी जाण्याच्या काही वर्षे आधी. आता शब्द गळून गेले आहेत, उरली आहे ती चाल. या सिंफनीतील अध्यात्म मला इथे सापडते: स्वर्गाचे आश्वासन कुठेही नाही, पण धरून ठेवण्याची धडपड मात्र संपलेली आहे.

शेवटी त्यांनी ‘मरणे’ या क्रियापदावरून आलेला, विरत जाण्याची सूचना देणारा जर्मन शब्द लिहिला आहे. १८ मे १९११ रोजी ते वारले, त्यामुळे २६ जून १९१२ रोजी संचालक ब्रुनो वॉल्टर यांनी व्हिएन्नात केलेला पहिला प्रयोग त्यांनी ऐकला नाही. व्हायोला अखेरचे स्वर हलवतात, आणि त्यानंतरची शांतता नेमकी कुठे सुरू झाली, हे मला अजून एकदाही सांगता आलेले नाही.