डाय केलेले काळे केस तपकिरी करताना : माझा अनुभव

डायच्या खोक्यावर छटांचा जो तक्ता छापलेला असतो, त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. वरच्या ओळीत काळे केस, खाली सुंदर तपकिरी केस. हा तक्ता मूळच्या काळ्या केसांसाठी आहे, आधी डाय केलेल्या केसांना तो लागू नाही, हे कुठेही ठळक दिसत नाही. दुकानातही तेच: "ताई, यावरच ब्राऊन लावा, होतंय सगळं." होत नाही! डायवर डाय लावून आधीचा रंग उतरत नाही. तपकिरी बसेल ती मुळाशी नव्याने वाढलेल्या केसांवर, खाली काळं ते काळंच.

मला काळा सोडायचा होता तो पांढऱ्या केसांमुळे. काळा लावला की पंधरवड्यात भांगात पांढरी रेघ उठून दिसते. फिक्या तपकिरीत ती बरीचशी मिसळून जाते. म्हणजे काळा डाय उतरवणं भाग होतं, आणि त्याला घरी करता येण्यासारखा खात्रीचा उपाय ब्लीच. पार्लरमध्ये विचारलं तर केसांची लांबी बघून जो आकडा सांगितला, तो ऐकून मी घरीच करायचं ठरवलं.

सामान आणणं, ऍलर्जी येते का ते बघायला कानामागे थोडं लावून 48 तास थांबणं, मानेकडच्या एका बटेवर आधी करून बघणं, हे सगळं बिनबोभाट पार पडलं. मागचे केस जाऊबाईंनी लावून दिले. एकटीने मागच्या बाजूला हात घालू नका, तिथे हमखास पट्टे उमटतात.

खरं अडलं ते पुढे. ब्लीच धुतल्यावर वरचा भाग तांब्याच्या रंगाचा, मधला विटकरी आणि टोकाकडचे चार बोटं केस जवळजवळ काळेच. बहीण म्हणाली, "अगं, पुन्हा काळा लावून टाक, कुणाला कळणारही नाही." इथेच बहुतेक जणी माघार घेतात, आणि मला तेच खटकतं, कारण यात काहीही बिघडलेलं नसतं. काळे केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होतात. हा क्रम कुणालाच चुकत नाही. आणि टोकं हट्टी असतात, कारण दर वेळी डाय मुळापासून खालपर्यंत ओढला जातो. मुळाजवळच्या केसावर एक थर, तर टोकावर कित्येक वर्षांचे थर. एकाच डोक्यावर तीन तऱ्हेचे केस असतात, त्यांना एकच वेळ कशी पुरणार?

मी पुन्हा सगळ्या डोक्याला ब्लीच लावलं नाही. मध्ये दोन आठवडे जाऊ दिले, रोज रात्री टोकांना खोबरेल लावलं, आणि मग फक्त काळ्या राहिलेल्या भागावर मिश्रण लावून वर प्लॅस्टिक गुंडाळलं. मिश्रण वाळलं की त्याचं काम थांबतं. दर दहा मिनिटांनी एक बट पुसून बघायची. हे थांबणं फार जिवावर येतं. केस लालच दिसत राहतात, घड्याळ हलत नाही, आणि हात सारखा 12 टक्क्यांच्या डेव्हलपरकडे (ब्लीच पावडर ज्यात कालवतात त्या हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणाकडे) जातो. "40 व्हॉल्यूम" म्हणतात तो हाच. जाऊ देऊ नका. 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्क्यांचा, हळू चालतो, पण केस शाबूत ठेवतो. ओली बट हलकेच ताणून बघा: ताणून परत आखडली तर ठीक, लांबत जाऊन तशीच लोंबकळली तर त्या दिवशी हात आवरा.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवलं: काळी मेंदी लावत असाल तर पाकिटावरचे घटक वाचा. काहींमध्ये डायमधलंच रसायन असतं. नीळ (इंडिगोच्या पानांची पूड) असेल तर ब्लीचने हिरवट झाक येऊ शकते. धातूचे क्षार असतील तर मिश्रण तापतं, म्हणून आधी एक बट कापून वाटीत थोड्या मिश्रणात बुडवून तपासा. भांगातल्या पांढऱ्या केसांना ब्लीचची गरजच नाही, ते सोडले की टाळूही वाचते.

नारिंगी मारण्यासाठी शेवटी ऍश, म्हणजे राखाडी झाक असलेल्या छटेचा डाय लागतो. बहुतेक ब्रँडमध्ये खोक्यावरच्या छटेच्या क्रमांकात ठिपक्यानंतरचा 1 म्हणजे ऍश. मी 5.1, म्हणजे ऍश झाक असलेला फिका तपकिरी, लावला. तो धुऊन केस वाळले, आणि उन्हात पहिल्यांदा एकसारखा तपकिरी रंग दिसला तेव्हा मला स्वतःचा फार अभिमान वाटला. टोकांचा बोटभर भाग मात्र कापला, तो खरबरीत झाला होता.

आणि हो, उरलेलं मिश्रण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका. आत वायू साठतो आणि बाटली फुटते. भरपूर पाणी घालून लगेच ओतून द्या.