किल्ली शेजारी ठेवली आहे

बाबांच्या हातची एक चिठ्ठी मला जुन्या डायरीत सापडली. ‘किल्ली शेजारी ठेवली आहे. यायला उशीर होईल.’ निळं बॉलपेन, घडीच्या रेषा, कोपऱ्यात कसला तरी डाग. बाबा गेले, आणि त्यांचं अक्षर म्हणून आमच्याकडे काही सह्या आणि ही चिठ्ठी एवढंच उरलं. ती रेझिनमध्ये, म्हणजे काचेसारख्या घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवात, बसवून आईला की-चेन करून द्यावी असं डोक्यात आलं. किल्लीची चिठ्ठी किल्लीलाच. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम. लागले चार महिने.

व्हिडिओत हे सगळं मिनिटभरात उरकतं. मधासारखी धार साच्यात पडते, चित्र बदलतं आणि पुढच्याच क्षणी कोणीतरी चकचकीत वस्तू साच्यातून सोलून काढतं. चित्र बदलतं तिथे चोवीस तास गेलेले असतात. आणि धारेच्या आधी रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर यांचं जे वजनमाप झालेलं असतं, ते तर बहुतेक वेळा दाखवतच नाहीत. खरी गोम तिथेच आहे.

माझी सरावाची पहिली चकती चोवीस तासांनी साच्यातून काढली तेव्हा खोडरबरासारखी मऊ होती, वर बोट टेकलं की ठसा उमटत होता. अजून एक दिवस ठेवली. ठसा तसाच. माझा मावसभाऊ फायबरची कामं करतो, त्याला फोन केला. म्हणाला, “अगं, हार्डनर दोन थेंब वाढव. आम्ही थंडीत तेच करतो.” मी वाढवला. दुसरी चकती पहिलीपेक्षा जास्त चिकट.

तो खोटं बोलत नव्हता. त्याचं रेझिन वेगळं. फायबरच्या कामात बहुधा पॉलिस्टर रेझिन असतं आणि त्यात टाकतात ते दीडदोन टक्के द्रव्य फक्त प्रक्रिया सुरू करून देतं. कमीजास्त झालं तर वेग बदलतो, पण माल घट्ट होतो. माझ्याकडचं एपॉक्सी. फुटलेली वस्तू चिकटवायला आपण अ‍ॅराल्डाइटच्या दोन नळ्या आणतो ना, त्याच घराण्यातलं. (१९३०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये पिअर कास्तां नावाचा रसायनशास्त्रज्ञ कवळीसाठी साहित्य शोधताना या प्रकारच्या रेझिनपर्यंत पोचला होता. नाव मात्र झालं ते चिकटवण्यात.) एपॉक्सीत हार्डनर हा मालाचाच भाग असतो. रेझिनचा रेणू आणि हार्डनरचा रेणू एकमेकांत अडकतात. ब्लाउजला जितके हूक तितकीच काजी लागतात, दोन हूक जास्त शिवले म्हणून ब्लाउज घट्ट बसत नाही. उरलेले हूक नुसते लोंबतात. माझ्या चकतीत तेच लोंबत होते, म्हणून ती चिकट. आणि हा चिकटपणा पुढे वाळत नाही, कारण इथे वाळण्यासारखं काही नसतंच. पाणी उडून जाऊन हे घट्ट होत नाही, जुळून घट्ट होतं. जुळलं नाही तर वर्षभर ठेवा.

बरं, मग पहिली चकती का बिघडली? तिथे तर मी बाटलीवर लिहिलेलं २:१ प्रमाण काटेकोर पाळलं होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर २० ग्रॅम रेझिन, १० ग्रॅम हार्डनर. बाटली पुन्हा डोळ्यांजवळ धरून वाचली तेव्हा त्या २:१ खाली मुंगीएवढ्या अक्षरांत दिसलं: ‘आकारमानानुसार’. रेझिन हार्डनरपेक्षा जड असतं. त्यामुळे मापाच्या कपाने २:१ घेतलं ते वजनाने २:१ राहत नाही. माझ्या रेझिनच्या माहितीपत्रकात वजनाचं प्रमाण वेगळं छापलेलं होतं, १०० ला ४२. म्हणजे २० ग्रॅमला ८.४ ग्रॅम, आणि मी घातले होते १०. प्रत्येक कंपनीचा आकडा निराळा असतो, तेव्हा माझा आकडा उचलू नका. आपल्या बाटलीचं पत्रक शोधा.

आता ८.४ मोजायचे तर घरचा काटा कामाचा नाही, तो एक एक ग्रॅमने उडी मारतो. ८ दाखवतो तेव्हा आत साडेसात असतील नाहीतर साडेआठ. मग सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घेतला. या छंदात मी केलेला सगळ्यात शहाणा खर्च हाच. रंग, चमकी, सोनेरी वर्ख हे नंतरही येतं.

त्या काट्यावरची तिसरी चकती कडक झाली, फक्त कडेचा एक ओघळ ओलाच राहिला. हा दोष ढवळण्याचा. दोन द्रव एकत्र आले की सुरुवातीला आत पारदर्शक धागे फिरताना दिसतात, पाण्यात साखर विरघळताना दिसतात तसे. ते पूर्ण जाईपर्यंत ढवळायचं, तीनचार मिनिटं, हळू. जोरात फेटलं की फेस. आणि ग्लासच्या कडांना, बुडाच्या कोपऱ्यात चिकटलेलं ढवळलंच जात नाही. ओतताना शेवटी मी काडीने ग्लास निपटून घेतला, काही वाया जाऊ नये म्हणून, आणि नेमकं तेच कच्चं साच्यात गेलं. तेव्हापासून एका ग्लासात ढवळून दुसऱ्या कोऱ्या ग्लासात ओतते, तिथे पुन्हा मिनिटभर ढवळते आणि मगच साच्यात.

एकदा मात्र वेगळीच तऱ्हा झाली. शंभरेक ग्रॅम मिश्रण तयार करून ग्लासातच ठेवलं आणि फोनवर बोलत बसले. परत आले तर ग्लास हाताला चटका बसेल इतका तापलेला, आतलं पिवळं पडून तडकायला लागलेलं आणि त्यातून धूर. प्लॅस्टिकचा ग्लास एका बाजूने कलला होता. जुळताना रेझिन उष्णता सोडतं. पातळ पसरलेलं असलं तर ती निघून जाते. ग्लासात ढीग असला तर उष्णता आतच कोंडते, त्याने जुळणी आणखी वेगाने होते, त्याने आणखी उष्णता. सांडशीने ग्लास उचलून मोकळ्या जागी नेऊन ठेवला आणि लांब उभी राहिले. मिश्रण वापरून टाकायची बाटलीवर लिहिलेली चाळीस मिनिटांची मुदत त्या ग्लासाला लागू नव्हती.

हातांबद्दल सांगायला हवं, कारण मी सुरुवातीला आळस केला. दोनतीनदा हातमोजे न घालता काम केलं, मनगटाला लागलेलं रेझिन स्पिरिटने पुसलं. तिसऱ्या खेपेला मनगटावर पुरळ उठलं. एपॉक्सीची अ‍ॅलर्जी अशीच येते. आज काही होत नाही, उद्या होत नाही, आणि एकदा का शरीराने ते ओळखलं की सहसा आयुष्यभर सोडत नाही. पुढे थोडंसं लागलं तरी खाज. मी वेळेत सावरले असावे, कारण नायट्राइल रबराचे हातमोजे घालायला लागल्यापासून परत आलं नाही. स्पिरिट, अ‍ॅसिटोन काड्या पुसायला ठीक. कातडीवर ते रेझिनला आत शिरायला मदतच करतात. हाताला साबण आणि पाणी. खिडक्या उघड्या, आणि वासासाठी मास्क हवा तर कार्बनच्या डब्यांचा. कापडी मास्क वाफ अडवत नाही.

एवढं झाल्यावर चिठ्ठीकडे वळले. खरी चिठ्ठी वापरायची नाही हे तोवर ठरलं होतं. वहीचा एक कागद कापून नुसताच रेझिनमध्ये टाकून पाहिला होता, तो तेल लागल्यासारखा ओला, आरपार दिसणारा झाला आणि मागच्या पानावरची अक्षरंही पुढे दिसायला लागली. त्या जागी बाबांची चिठ्ठी असती तर, हा विचार मी पुरा केला नाही. कागद आधी दोन्ही बाजूंनी आणि चारही कडांनी फेव्हिकॉलच्या पातळ हाताने बंद करावा लागतो. छापील प्रत काढली, तिच्यावर फेव्हिकॉल फिरवला, तर अक्षरं फरफटली. माझा प्रिंटर शाईचा, आणि ती शाई पाण्यात विरघळणारी. बाहेरून लेझरवर रंगीत प्रत काढून आणली. ती हलली नाही. घडीच्या रेषा आणि तो डागसुद्धा छान उतरले. फेव्हिकॉल पूर्ण पारदर्शक होईपर्यंत, म्हणजे एक रात्र, वाळू द्यायचा. पांढुरका असताना ओतलं तर तो ढगाळपणा कायमचा आत राहतो.

मग साचा. सिलिकॉनच्या साच्याचा तळ हा वस्तूचा दर्शनी भाग असतो, साचा आतून जितका तुकतुकीत तितकी वस्तू. हे मला माहीत होतं. तरीही पहिल्यांदा मी चिठ्ठी वाचता येईल अशी, अक्षरं वर करून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी काचेसारख्या गुळगुळीत बाजूला चिठ्ठीची कोरी पाठ आली. अक्षरं मागच्या ओबडधोबड बाजूला. कपाळावर हात मारला, दुसरं काय. कागद पालथा ठेवायचा असतो.

दुसऱ्या वेळी दोन थरांत केलं. आधी दोन मिलिमीटरचा पातळ थर. रेझिनची बाटली कोमट पाण्यात दहा मिनिटं उभी केली होती, त्यामुळे ते पातळ झालं आणि बुडबुडे आपोआप वर आले. उरलेले सुईने फोडले. लायटरची ज्योत वरून झटकन फिरवली तरी फुटतात, पण एका जागी थांबलात तर सिलिकॉन जळतं. एक साचा असा घालवला आहे. चारेक तासांनी थर बोटाला चिकटेल पण तार सुटणार नाही, असा झाला. या टप्प्यावर वरचा थर खालच्याशी एकजीव होतो. पूर्ण कडक झाल्यावर ओतलं तर आधी घासून खडबडीत करावं लागतं. चिठ्ठीच्या अक्षरांच्या, खाली जाणाऱ्या बाजूला रेझिनचं बोट फिरवलं, म्हणजे खाली हवा अडकत नाही, आणि एका कडेपासून हळूहळू टेकवत नेली. काडीने मधून बाहेर दाबली. वर दुसरा थर, त्यावर धुळीसाठी उपडा डबा.

या दोन थरांना मिळून रेझिन लागलं बारा-तेरा ग्रॅम. एवढंसं मिश्रण बिनचूक मोजणं अवघड, म्हणून दर वेळी जास्तच करते आणि उरलेलं कानातल्यांच्या साच्यांत जातं. माझे सगळे दागिने असे उरल्यासुरल्याचे आहेत. त्यात वाळवलेली फुलं घालते. ताजी फुलं आत तपकिरी पडतात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये आठवडाभर पुरून खडखडीत वाळवली तर टिकतात. पिवळी फुलं रंग राखतात, लाल गुलाब काळपट होतो. आता मैत्रिणी कानातलीच मागतात. चार महिने मी दुसऱ्याच कशासाठी झटत होते हे त्यांच्या गावीही नाही.

साच्यातून की-चेन निघाली तेव्हा पुढची बाजू स्वच्छ होती. मागच्या कडा धारदार, कारण रेझिन साच्याच्या भिंतीवर किंचित चढतं आणि तशीच कडा होऊन बसतं. पॉलिश पेपरने पाण्यात घासलं, ४०० नंबरपासून २००० पर्यंत. कोरडं घासायचं नाही, ती भुकटी छातीत जाते. घासल्यावर सगळं दुधी दिसलं आणि पोटात गोळा आला. पाण्याचा हात फिरवला तर पुन्हा आरपार. तेव्हा समजलं की हे नुसते ओरखडे आहेत, त्यांत काही भरलं की दिसेनासे होतात. पाण्याऐवजी रेझिनचा पातळ थर मागून दिला आणि काच झाली. हातड्रिलने भोक पाडलं, कडी अडकवली. कडी उघडताना ओढून फाकवायची नाही, दोन टोकं एक पुढे एक मागे अशी वळवायची, नाहीतर गोल परत जुळत नाही. मग आठवडाभर तशीच ठेवली. वरून कडक वाटलं तरी पुरतं पक्कं व्हायला तेवढा वेळ लागतो.

‘र’च्या वर टाचणीच्या टोकाएवढा एक बुडबुडा राहिला आहे. तो काढायचा प्रयत्न केला नाही.

आईने चष्मा लावला, चिठ्ठी वाचली, उलटी करून पाहिली. मग म्हणाली, “शेजारी ठेवायचेच ते. आणि कुठल्या शेजारी ते कधी लिहायचे नाहीत.” की-चेन तिने दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आहे, किल्लीशिवाय. किल्ली लावली तर पिशवीत घासून खराब होईल म्हणते. ओरखडे पडले तर पातळ थर देऊन अर्ध्या तासाच्या कामात पुन्हा काच करता येते, हे तिला तीनदा सांगून झालं आहे.